दहाव्याचा वस्तरा

लग्नकार्यात कुणी विचारलं, "काय करता तुम्ही?" आणि मी "केस लावते" म्हटलं, की समोरच्या बाईची नजर आधी माझ्या विरळ अंबाड्यावर जाते. मग ती मला पार्लरवाली समजून मेंदी कुठली चांगली ते विचारते. मेंदी नव्हे, टक्कल पडलेल्या डोक्यावर ऑपरेशन करून केस लावतात त्या क्लिनिकमध्ये मी टेक्निशियन आहे, असं नीट समजावून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "अगोबाई! मग कुणाचे हो लावता?"

मरोळला आमचं क्लिनिक आहे आणि चारकोपहून मी तिथे बावीस वर्षं जाते आहे. या बावीस वर्षांत हा प्रश्न मला शिकल्यासवरल्या माणसांनीही विचारला. नेत्रदान असतं, रक्तदान असतं, तसं केसांचं दान असणार आणि आमच्याकडे मोठं कपाट भरून ठेवलेलं असणार, असं लोकांना वाटतं. घाटकोपरचे एक गृहस्थ तर चक्क मेहुण्याला घेऊन आले होते. मेहुण्याचे केस काळेभोर, दाट. गृहस्थांनी खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. "ब्लड ग्रुप सेम आहे आमचा. ह्याचे घ्या." मेहुण्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "भावजी, तुम्ही नुसतं सोबत चल म्हणालात!" त्यावर हे म्हणतात, "बहीण दिलीस ना? मग केसांना काय होतंय?"

तर जे त्या गृहस्थांना सांगितलं तेच इथे सांगते. केस ज्याचे त्याचेच लागतात. दुसऱ्याचा केस आपलं शरीर ठेवून घेत नाही, परकं समजून बाहेर काढतं. अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांचीच काय ती सूट. बाकी आईचे मुलाला नाहीत, की नवऱ्याला बायकोचे नाहीत.

पण ज्याला टक्कल पडलं त्याचेच केस आणायचे कुठून? मागून. कितीही चकचकीत टक्कल असो, या कानापासून त्या कानापर्यंत केसांची एक झालर राहतेच. तेवढे केस जातीचेच हट्टी असतात, सहसा गळत नाहीत. आणि मौज अशी, की तिथून मुळासकट काढून कपाळावर नेऊन लावले तरी ते आपला हट्ट सोडत नाहीत. या एका हट्टावर आमचा सगळा धंदा उभा आहे. मागची ती जागा म्हणजे आमच्या भाषेत डोनर एरिया. देणारा आणि घेणारा यांच्यात अंतर वीतभर.

आधी मशीन फिरवून केस बारीक करायचे. माणसाला पालथं झोपवून मागचा भाग इंजेक्शनने बधिर करायचा. डॉक्टर मग बारीक पोकळ सुईसारखं यंत्र एकेका मुळाभोवती फिरवून ते सुटं करतात आणि माझ्यासारखी बाई चिमट्याने अलगद उपसते. उपसलेली मुळं थंड सलाईनच्या बशीत. एका मुळातून कधी एक केस निघतो, कधी दोन, कधी तीन. ते भिंगाखाली निवडायचे. एकेकटे पुढच्या ओळीला, कारण कपाळाजवळ केस विरळच शोभतात. दोन-तीनवाले मागे. दुपारी जेवून त्याला उताणा करायचा आणि डॉक्टरांनी पाडलेल्या बारीक चिरांमध्ये एकेक मूळ बसवायचं. सकाळी आठला सुरू केलं की संध्याकाळचे सहा वाजतात. माझी मान आज डावीकडे पूर्ण वळत नाही ती उगाच नाही.

आता यातली मेख. जिथून मूळ काढलं तिथे पुन्हा केस येत नाही. म्हणून मागून काढताना एक घ्यायचा, शेजारचे दोन-तीन सोडायचे, म्हणजे मागची जागा उघडी पडत नाही. हावरटपणा केला की मागे कसर लागल्यासारखं दिसतं आणि ते कशानेही भरून येत नाही. मूळ बशीत सुकलं तर तेही गेलं. मला हे एका चुकीतून कळलं. नवीन होते, दिव्याखाली बशी ठेवून चहाला गेले, चहाबरोबर गप्पाही झाल्या. परत येऊन बघते तर सलाईन आटलेलं आणि कडेची मुळं वाळून काड्या झालेली. डॉक्टर ओरडले नाहीत. "मोज किती गेले," एवढंच म्हणाले. मी मोजले. त्या माणसाला मात्र मी कधीच सांगितलं नाही. तो निघताना माझे आभार मानून गेला. ते आभार मला अजून टोचतात.

महेशची गोष्ट सांगायची तर ही मेख ठाऊक असायला हवी. नाव बदललं आहे. मुलुंडचा मुलगा, वय बत्तीस, एका कारखान्यात डिझाइनचं काम. आमच्याकडे आला तेव्हा टोपी काढायला तयार नव्हता. आईवडील सोबत होते. वडील स्वतः साफ टकले, हसरे. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ती नोकरी करून त्यांनी घर चालवलेलं. ते म्हणाले, "मॅडम, माझ्याकडून ह्याला वारशात एवढंच मिळालं बघा." महेश हसला नाही. त्याने टोपी काढली आणि मला हसणारे वडील दिसेनासे झाले.

त्याने आधी कुठल्याशा दोन खोल्यांच्या ठिकाणी हे काम करून घेतलं होतं. तिथल्यांनी मागची जागा अक्षरशः ओरबाडली होती. आणि पुढे लावलेल्यातलं जगलं होतं थोडंसं, इकडे एक पुंजका, तिकडे एक. टक्कल परवडलं, पण हे नको. दोन स्थळांनी नकार दिला होता, ऑफिसात तो वर्षभर टोपी घालत होता. बोलतानासुद्धा मान खाली.

आमच्या डॉक्टरांनी मागून भिंग फिरवलं आणि सांगितलं, "नाही होणार. डोनर उरलेलाच नाही. खोटी आशा नको."

खरं तर विषय तिथे संपला होता. मी मध्ये पडले. मला राहवलं नाही, आणि मला राहवत नाही ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "सर, मला एकदा बघू द्या." अर्धा तास मी त्याच्या डोक्यावर भिंग घेऊन बसले होते. दोन्ही कानांमागे थोडे होते, मानेच्या वरच्या बाजूला थोडे. आणि जबड्याखाली दाढी दाट होती. दाढीचा केस राठ, तो पुढच्या ओळीत चालत नाही, पण मधल्या भागात भर घालायला चालतो. मी सगळं कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ कागद बघितला. मग महेशला म्हणाले, "होईल. पण नीट ऐक. हे शेवटचं. यातले गेले तर मी, तू, कुणीही काही करू शकणार नाही. घ्यायला जागाच नाही."

शुक्रवारी ऑपरेशन झालं. त्या दिवशी मी कुणालाही बशीला हात लावू दिला नाही. संध्याकाळी वडील त्याला घ्यायला आले, ठिपक्याठिपक्यांचं लालसर डोकं बघून म्हणाले, "झकास! आता लग्नाचं बघू." मी घरी पाळायचे नियम सांगितले. अर्धवट बसून झोपायचं. सलाईनचा फवारा मारायचा. डोक्यावर पाणी ओतायचं नाही, पहिली धुलाई आमच्याकडे. आणि महिनाभर वस्तरा नाही.

मंगळवारी धुलाईला महेश आला नाही. मी फोन केला. "मॅडम," तो म्हणाला, "बाबा गेले. शनिवारी संध्याकाळी. बसल्या जागी."

 तोच पुढे म्हणाला, "स्मशानात मी खांद्यावरून आंघोळ केली, डोक्यावर पाणी घेतलं नाही. काकांनी ते बघितलं. त्यांना काही माहीत नव्हतं, मग सांगावं लागलं. आता सोमवारी दहावं आहे. आमच्यात अग्नी देणाऱ्याला दहाव्याला मुंडण करावंच लागतं. काका म्हणतात, बापापेक्षा केस मोठे झाले का? मॅडम, वाट लागली माझी. मी करून टाकतो. गेले तर गेले."

"थांब," मी म्हटलं. "मी सरांना विचारते."

डॉक्टर म्हणाले, "दहाव्या दिवसापर्यंत मुळं बरीचशी धरतात. पण खपल्या पूर्ण पडलेल्या नसतील. त्यावर उघड्या जागी वस्तरा घासला तर काही उपटली जातील, जखम चिघळलीही तर अजून जातील. दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं, परत लावू. ह्याला काय सांगू?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शोधलेस ना ते केस? मग तूच जा."

ते रागाने म्हणाले की कौतुकाने, मला आजही कळलेलं नाही. पण मी गेले. पिशवीत सलाईन, गॉज, भिंग. वाटेत स्वतःलाच शिव्या घालत होते. डॉक्टर नाही म्हणत होते तेव्हा गप्प बसले असते, तर या पोराला निदान वडिलांसाठी मोकळेपणाने रडता आलं असतं.

दशक्रियेची शेड मुलुंडला तलावाच्या कडेला होती. महेश सोवळं नेसून पाटावर बसलेला, डोक्यावर आम्ही दिलेली सैल टोपी. चेहऱ्यावर झोप नव्हती. आई बाजूला खांबाला टेकून बसली होती. काका पुढेच उभे. गुरुजी साहित्य मांडत होते आणि न्हावी, वयस्कर माणूस, दगडावर पाणी शिंपडून वस्तऱ्याला धार लावत होता.

मी पुढे होऊन ओळख सांगितली. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आता बापाशीच्या दहाव्याक पण डॉक्टराक इचारूचा लागतला?"

मी म्हटलं, "मी डॉक्टर नाही, काका. मी फक्त केस बसवले."

मग मी न्हाव्याकडे वळले. वाद घालायचा तर निदान हातात हत्यार असलेल्या माणसाशी घालावा. महेशची टोपी काढली आणि भिंग न्हाव्याच्या हातात दिलं. त्याने वस्तरा मिटून ठेवला, हात पुसले आणि वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता. "हे एकेक लावलेत?" त्याने विचारलं.

"एकेक."

"कोनी?"

"मी आणि आणखी दोघींनी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा."

त्याने भिंग मला परत दिलं. "काका, माफ करा," तो म्हणाला, "चाळीस वर्षं हे काम करतोय. उगवलेलं कापायचं काम आहे माझं. उपटायचं नाही. मी नाय हात लावणार."

काका भडकले. दुसरा न्हावी बघतो म्हणाले. गुरुजी मध्ये पडायला लागले, तोवर खांबाजवळून आईचा आवाज आला. दहा दिवस ती कुणाशी बोलली नव्हती, असं नंतर महेशने सांगितलं.

"भावोजी," ती म्हणाली, "तरवो काढून कुणग्यात लावलो, की दहा दिवसांत तेच्यात गुरां सोडतास काय तुम्ही?"

काकांनी दुसऱ्या न्हाव्याचं नाव पुन्हा काढलं नाही. गावाकडे त्यांची भातशेती होती. रोपं उपटून दुसऱ्या खाचरात लावली की ती जीव धरीपर्यंत तिथे पाऊलही टाकायचं नसतं, हे त्यांना मी काय सांगणार? बावीस वर्षं मी लोकांना हे समजावते आहे, चित्रं काढून, भिंगं दाखवून. त्या बाईने एका वाक्यात सांगितलं.

"ह्यांनीच हट्ट केल्यानी ऑपरेशनचो," ती पुढे म्हणाली. "माज्या टकलाचो शाप माज्या झिलाक नको, म्हणाले. आता तेंच्याच नावान तां काढतलास?"

मग गुरुजींनी तोड काढली. माणूस समंजस होता. वपन म्हणजे डोक्याचंच असं नाही, म्हणाले, दाढीमिशीची श्मश्रूही त्यातच येते. डोकं आम्ही पेरून ठेवलेलं, जबडा आम्ही उपसलेला. आम्ही हात न लावलेली एकच जागा त्याच्या चेहऱ्यावर होती. टक्कल पडायला लागल्यापासून त्याने मिशी जोपासली होती, चांगली भरघोस. लोकांनी वर बघू नये म्हणून खाली काहीतरी असावं, असा त्याचा हिशेब असणार.

न्हाव्याने विचारलं, "काढू?" महेशने मान हलवली. दोन मिनिटांत मिशी गेली आणि तो एकदम शाळकरी दिसायला लागला. आई तेव्हा पहिल्यांदा रडली. मीही रडले, लपवत नाही.

पुढचे विधी झाले, पिंड ठेवला. आणि कावळा शिवेना. कावळे होते, शेडच्या पत्र्यावर चांगले पाच-सहा होते, पण खाली येईनात. सगळे हात जोडून उभे. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघा. भाऊ नाराज." मला त्या क्षणी वाटलं, आपण कशाला आलो? शास्त्र वगैरे सगळं ठीक आहे, पण तिथे उभं राहून पत्र्यावरच्या कावळ्यांकडे बघताना शास्त्र पाठीशी उभं राहत नाही. आई पुढे येऊन येणाऱ्या सुनेला नीट बघेन म्हणाली, काका घर सांभाळेन म्हणाले. काही नाही. मग महेश एकटा पिंडाजवळ गेला, वाकला आणि काहीतरी पुटपुटला. मागे सरला तर एक कावळा उतरला आणि चोच मारून गेला. कावळ्याला भूक लागली असेल. मी काही म्हणत नाही. पण काकांनी डोळे पुसले आणि जाताना मला म्हणाले, "जेवून जा."

त्यानंतरचे महिने माझे कसे गेले ते मला माहीत. लावलेले केस महिन्याभरात एकदा गळतात. मुळं आत राहतात, वरचा केस पडतो. हे आम्ही सगळ्यांना आधी बजावतो आणि तरी सगळे घाबरतात. महेशचा फोन आला, "मॅडम, सगळे गेले. उशीवर पडलेत." मी ठणकावून सांगितलं, "येतील." फोन ठेवला आणि त्याचा जुना कागद काढून पुन्हा बघत बसले. मिशी गेलीच, वर हेही गेले तर? तिसऱ्या महिन्यात काही नव्हतं. चौथ्या महिन्यात तो आला, मी भिंग लावलं आणि मला बारीक, मऊ, वाकडेतिकडे अंकुर दिसले. कानामागचे होते, दाढीचेही होते. मी भिंग डॉक्टरांना दिलं. ते "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून "हं" म्हणजे पुष्कळ.

बाराव्या महिन्यात महेश क्लिनिकमध्ये आला तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने त्याला ओळखलंच नाही. टोपी नव्हती. केस चांगले कपाळावर आलेले, भांग पाडलेला. दाट म्हणता येणार नाही, पण भरलेलं, माणसासारखं डोकं. मान वर. मिशी त्याने पुन्हा ठेवली नव्हती. मी दोघी मुलींना हाक मारली, "अगं, इकडे या, कॅमेरा आणा!" असं काम हातून वारंवार होत नाही. मला तो फोटो भिंतीवर हवा होता.

फोटो काढून झाले. तो खुर्चीतून उठेना.

"मॅडम, एक विचारायचं होतं. आता वस्तरा चालेल?"

"कशाला?"

"पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध आहे."

मी म्हटलं, "अरे, वर्षश्राद्धाला कोण मुंडण मागतंय? काका परत काही म्हणाले का?"

"काका कशाला म्हणतील? ते स्वतः नको म्हणतात. आईपण नको म्हणते." मग म्हणाला, "तेव्हा कावळा शिवत नव्हता ना, तेव्हा मी बाबांना म्हटलं होतं. हे आले, तर पहिले तुम्हाला."

 या केसांसाठी हा मुलगा किती वर्षं मान खाली घालून फिरला होता, हे मी बघितलं होतं. आणि ते नीट विंचरता येऊन त्याला दोन महिनेही झाले नव्हते.

"परत येतील ना?" त्याने विचारलं. "तेवढंच विचारायला आलोय. नाही म्हणालात तरी मी करणार आहे, पण विचारावं म्हटलं."

इतकी वर्षं मी डोक्यांना हातमोजे घालूनच हात लावत आले. त्या दिवशी उघड्या हाताने त्याच्या केसांतून बोटं फिरवली, मुळाशी जरा ओढून बघितली. एकही हलला नाही.

"येतील रे," मी म्हटलं. "तुझेच आहेत आता. बिनधास्त दे."